वाटीतली साखर

शेजारच्या काकूंनी माझी शिऱ्याची वाटी परत केली, तेव्हा तिच्या तळाशी चमचाभर साखर होती. पाठोपाठ त्या म्हणाल्या, "नातवाच्या बारशाच्या आमंत्रणावर बाळाचं चित्र काढून दे ना गं. तुला काय, बसल्या बसल्या होईल."

माझं डोकंच सणकलं. चित्रांवरच माझं पोट आहे, आणि "तुमचं नाव होईल" म्हणत ती फुकट नेणारे काय कमी भेटलेत?

"काकू, वाटीत साखर कशाला घातलीत?"

"अगं, रिकामी कशी परत करायची?"

"मग माझं चित्र रिकाम्या हातानं न्याल?"

काकू हसल्या. "बोल, काय घेशील?"

"बरणीभर कैरीचं लोणचं."

"अर्धी देते."

"मग बाळाला एकच कान काढते."

बरणी काठोकाठ भरून आली. साखरेच्या त्या चमच्याला असं कितीसं मोल? तुझं घेतलेलं ध्यानात आहे, एवढंच तो सांगतो. नाव करून देणाऱ्यांकडून मला तेवढंही कधी मिळालं नाही.

लोणचं संपलं. काल बरणी धुऊन पुसली आणि हातात घेऊन तशीच उभी राहिले. रिकामी कशी परत करायची? शेवटी बाळाचं आणखी एक चित्र काढून आत ठेवलं, दोन्ही कानांसकट.