बांधावरचा बोर्ड
ऑइलपेंटचा वास आला की मला पिरंगुटच्या पुढची ती धुक्यातली सकाळ दिसू लागते. आमच्या रबराच्या कारखान्यात आम्ही बायांनी नुकतीच युनियन नोंदवली होती आणि रंग अजून ओला असलेला बोर्ड खांबासकट गेटपाशी लावायला आलो होतो. "कंपनीच्या जागेत चालणार नाही," म्हणत वॉचमनने आम्हाला मागे सारलं. पुढाकार घेणारी आमची मैत्रीण आधीच निलंबित झाली होती, त्यामुळे पुढे काय करावं ते कुणालाच सुचेना. धुकं इतकं दाट होतं की कारखाना विरघळून गेल्यासारखा वाटत होता आणि पिकल्या भाताचा गोड वास तेवढा येत होता. तेवढ्यात शेजारच्या खाचरातून एक म्हातारी विळा घेऊन वर आली. "फाटकापतोर त्यांचं, हितनं माजं हाय," ती म्हणाली. "माजी सूनबी आत कामाला हाय. रोवा माज्या बांधावर." आम्ही खांब रोवला, तिने पायाने माती दाबली आणि विचारलं, "काय लिवलंय? मला वाचता येत न्हाई." वॉचमन बघत होता, साहेबांची गाडीही येऊन थांबली होती. मी युनियनचं नाव आधी हळूच वाचलं, मग तिला ऐकू येईना म्हणून मोठ्याने, आणि माझ्यामागून सगळ्याच वाचू लागल्या. पुढे मैत्रीण कामावर परतली, करारही झाला. तरी आजही मला वाटतं, आमची युनियन खरी झाली ती त्या सकाळी, त्या म्हातारीला वाचून दाखवताना.