टेकडीवरचं पाणी

लेक डायनिंग टेबलवर शाळेसाठी पुठ्ठ्याचं घर करत बसली आहे. टेकडी, खांब, पांढरा घुमट. गोंदाच्या वासात मला ते खरं घर आठवलं. 'सगळी माणसं समान जन्मतात' असं लिहिणाऱ्या, अमेरिकेच्या एका संस्थापकाचं.

नागपूरहून आलेल्या बाबांना घेऊन गेलो होतो. गाईडबाई त्याच्या बागेचं, पुस्तकांचं कौतुक सांगत होत्या. बाबांनी मध्येच हात वर केला.

"मॅडम, एवढ्या उंचावर पाणी कोण आणायचं?"

सगळे वळून बघायला लागले. एका गृहस्थाने जोरात सुस्कारा टाकला. माझा व्हिसा तेव्हा एक्स्टेन्शनला अडकला होता. मी पुटपुटलो, "बाबा, जाऊ द्या ना." त्यांनी हात खाली घेतला नाही. लहानपणी त्यांना गावच्या विहिरीवर कुणी चढू दिलं नव्हतं.

"गुलाम," बाई अखेर म्हणाल्या. "त्याचेच." आणि उताराखालच्या लाकडी झोपड्यांकडे बोट दाखवलं.

मोठ्या घरात बूट घालून फिरलेल्या बाबांनी खाली जाऊन त्यातल्या एका झोपडीच्या दाराशी बूट काढले, विहारात जाताना काढतात तसे. हात जोडून बराच वेळ उभे राहिले. तो गृहस्थ आमच्या मागेच होता. कधी एकदा गाडीत बसतो असं मला झालं होतं. आज बाबा नाहीत, आणि मला ते घर आठवतं ते फक्त त्या बुटांमुळे.

"डॅड, इट्स डन!"

"नाही गं. खाली उतारावर अजून घरं आहेत," मी म्हणालो. "तुझ्या आबांनी तिथे बूट काढले होते."