शकूनं मोजलेले चेहरे

शकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका मुलीच्या दातांना तार बसवत होते. शकूचा भाऊ बोलत होता. "ताई, अक्का गेली... दवाखान्यात नेऊस्तोवर बी टिकली न्हाई." मी फोन ठेवला आणि उरलेली तार बसवून टाकली. त्याला आता दीड महिना झाला. लोक विचारतात, तुमची जिवलग मैत्रीण ना? मी मान हलवते. पण तिच्यावर लिहायचं तर आधी हे सांगायला हवं, की मी तिचा आयुष्यभर हेवा केला.

शकुंतला शिरड शहापूरची, घरी मेंढरं. माझ्या वडिलांचा हिंगोलीत चालता दवाखाना. दंतवैद्यकीला आम्ही एका वर्गात होतो, पुढे दोघींनीही वाकडे दात सरळ करण्याचंच शिक्षण घेतलं; पण सर काही अडलं की आधी शकूला विचारत. गावी परतल्यावर एकदा ती म्हणाली, "आपण लेकरांचे जबडे कोणाच्या मापानं मोजून राहिलो गं? ही मापं परदेशातल्या लेकरांची. त्या हिशेबानं आपल्याकडचं निम्मं गाव पुढं आलेल्या तोंडाचं ठरतं." मी म्हटलं, "मग काढ ना तू नवी मापं." मी टोमणा मारला होता. ती कामाला लागली.

कितीतरी वर्षं ती कळमनुरीपासून वाड्यावस्त्यांपर्यंत शाळाशाळांत फिरली. दात नीट जुळलेली, चेहऱ्यात सगळं जिथल्या तिथे असलेली लेकरं निवडायची, आईबापांची परवानगी घ्यायची आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळं मोजून वहीत लिहायची. डोक्याचा बाजूनं एक्स-रे काढायचं मशीन माझ्याकडे होतं. रविवारी सकाळी ती जीपभर लेकरं घेऊन यायची. आया तिच्याशी शेळ्या-मेंढ्यांपासून सासूपर्यंत सगळं बोलत. माझ्याशी मात्र फक्त, "व्हय म्याडम."

मग कनेरगाव नाक्याच्या एका ढाबेवालीनं तिची लेक माझ्याकडे आणली. पुढे आलेलं तोंड मागे घ्यायला मी चार दात काढायचे ठरवले. आठवड्यानं ती परत आली ती सांगायलाच. "शकूताई म्हन्ल्या, पोरीचे ओठ आईवर गेलेत, दोष न्हाई. दात कशाला काढायचे?" मी तडक शकूला फोन लावला. "माझे पेशंट फोडतेस?"

"तिनं इचारलं, मी सांगितलं. तू बी एकडाव ही मापं लावून बघ."

पुढच्या रविवारी मी तिला सांगितलं, मशीन बिघडलंय. ते बिघडलेलं नव्हतं. त्यानंतर ती लेकरं नांदेडला नेऊ लागली, दिवस दिवस मोडून. अधूनमधून विचारायची, "दुरुस्त झालं का गं?" मी म्हणायचे, पार्ट मिळत नाही. तिला कळलं होतं का... कोण जाणे.

अखेर तिच्या मापांचा तक्ता छापून आला. पहिली प्रत तिनं मला पाठवली. आभारात पहिलं नाव माझं होतं, एक्स-रे मशीन दिल्याबद्दल. त्या आठवड्यात मी जुन्या फायली काढून तिच्या आकड्यांशी ताडून पाहिल्या. काही लेकरांचे दात मी उगाच काढले होते. हे तिला सांगायचं होतं. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले... आणि ती गेली.

दिवस झाल्यावर तिच्या भावानं तिचा चेहरे मोजायचा चिमटा, कॅलिपर, मला आणून दिला. परवा कळमनुरीहून एक मुलगी आली. मी कॅलिपर हातात घेताच म्हणाली, "आधी मी तुमचं मोजते."

"काहून?"

"त्या शकू म्याडम मोजू द्यायच्या. मंग भेव वाटत न्हाई."

मी खाली वाकले. तिनं माझं नाक मोजलं, हनुवटी मोजली आणि गंभीरपणे सांगितलं, "बराबर हाय." म्हणजे तेव्हा रविवारी, माझ्याच एक्स-रेच्या खोलीतही, हे असंच चालत असणार. मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसायचे, एकदाही डोकावले नाही. आता मीही कॅलिपर आधी लेकराच्या हातात देते. लेकरं हसतात, मान सैल सोडतात. आणि दर वेळी मला वाटतं, हे मला का सुचलं नाही.