चूक कबूल करणाऱ्या अक्का

पत्रकारितेच्या वर्गात आम्ही त्यांना अक्का म्हणायचो. एकतीस वर्षं सांजदैनिकात बातम्या तपासण्यात गेलेली. छापील अंक बंद पडला आणि आमच्या महाविद्यालयाने त्यांना बोलावलं, तेही डिजिटल पत्रकारिता शिकवायला. साठीला टेकलेल्या अक्का आधी महिनाभर भाचीकडे शिकवणीला जाऊन बसल्या. पहिल्याच तासाला म्हणाल्या, "यंत्रातलं मला अर्धंमुर्धंच कळतं. अडलं की तुम्ही सांगा. बातमीतलं मात्र मी सोडणार नाही."

वर्गाची एक वेबसाइट होती, आसपासच्या चार गल्ल्यांच्या बातम्यांची. एका दुपारी मला फोनवर निरोप आला की, इथल्या शाळेचे जुने मुख्याध्यापक गेले. मी घाईघाईने चार ओळी लिहिल्या. अक्का दुसऱ्या वर्गात होत्या. त्यांनी दारातूनच माझ्या फोनवर नजर टाकली आणि मान डोलावली. दोन तासांत बातमी गावभर झाली. मग मुख्याध्यापकांच्या सुनेचा फोन आला. गेले होते ते त्याच आडनावाचे दुसरेच गृहस्थ. सुनेच्या घरी मात्र नातेवाईक रडत येऊन धडकत होते.

मी धावत अक्कांकडे गेले. "अक्का, पुसून टाकते."

"पुसून काय होणार? ज्यांनी वाचलं, त्यांना कोण सांगणार? कागदावरची चूक दुसऱ्या दिवशी रद्दीत जायची. ही फिरतच राहते. तिच्या मागे आपणच धावायचं."

त्यांनी दुरुस्ती स्वतः लिहिली, स्वतःच्या नावाने. 'मी न तपासता परवानगी दिली.' माझं नाव कुठेच नव्हतं. बातमी जिथे जिथे पोचली होती, तिथे तिथे आम्ही संध्याकाळपर्यंत ती दुरुस्ती पाठवत बसलो. मग त्या मला घेऊन चालत मुख्याध्यापकांकडे गेल्या.

दार त्यांनीच उघडलं. "या. माझ्यावरचा मजकूर वाचला. ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुका आहेत."

मला हसू आलं. अक्का हसल्या नाहीत. त्या सरळ सुनेपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि माफी मागितली. सून चांगली पंधरा मिनिटं बोलली, तोंडाला येईल ते. अक्कांनी उभ्यानेच सगळं ऐकून घेतलं. शेवटी सूनच दमून खुर्चीत बसली आणि म्हणाली, "बसा तुम्हीपण."

आठवड्याने प्राचार्यांनी बोलावलं. प्रवेशाचे दिवस जवळ आलेत, ती दुरुस्ती काढा, म्हणाले.

"काढते," अक्का म्हणाल्या. "मग मुलांना काय शिकवायचं, तेवढं तुम्ही लिहून द्या."

प्राचार्यांनी बराच वेळ टेबलावरचे कागद नीट केले. विषय तिथेच राहिला आणि दुरुस्तीही. आज मी एका वृत्तसंकेतस्थळावर काम करते. नव्याने आलेल्यांना पहिल्या दिवशी तेच पान उघडून दाखवते आणि ती बातमी माझी होती, हेही सांगते.