कॅज्युअल म्हणजे आम्ही

शुक्रवार, डिसेंबरचा दुसरा. हजर: मी, सुमनताई, रंजना आणि पॅकिंगच्या आणखी चौघी. एकूण सात. सगळ्या कॅज्युअल.

चाकणच्या आमच्या कंपनीत पर्मनंट नसलेल्यांना कॅज्युअल म्हणतात. निगडीहून सुटणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये पर्मनंट बसतात, कॅज्युअल उभे राहतात. "दोन कॅज्युअल इकडं पाठवा," असं सुपरवायझर ओरडला की आम्ही वळून बघतो. अकरा वर्षं मी त्या हाकेला ओ दिली.

त्याच आठवड्यात सोमवारी बोर्डावर इंग्रजीत कागद लागला. शाळेतल्या इंग्रजीवर मीच तो सगळ्यांना वाचून दाखवला: शुक्रवारी एक वाजता, लॉनवर, कॅज्युअल लंच. याद्या माझ्याकडेच असतात. मी सात नावं लिहिली आणि बजावलं, त्या दिवशी डबा आणू नका.

रंजनानं ठेवणीतली साडी पिशवीतून आणली, सुट्टीत नेसली. आम्ही हात धुऊन, ताटं घेऊन रांगेत उभ्या राहिलो. पुढं ऑफिसचे लोक, जीन्स-टीशर्टमध्ये. एचआरचे साहेब लगबगीनं आले.

"मावशी, तुम्ही कुठं इकडं?"

मी यादी पुढं केली. "सात जणी, साहेब."

त्यांनी यादी वाचली आणि त्यांना हसू आवरेना. "अहो, कॅज्युअल म्हणजे कपडे! ऑफिस स्टाफनं साध्या कपड्यांत यायचं. तुम्ही नव्हे!"

मागून कुणीतरी म्हणालं, "राव, यांना वाटलं यांचाच सत्कार!"

लॉनभर हशा. लातूरकडच्या सुमनताई तेवढ्या बोलल्या, "मग आमचं नाव कशाला लिवलं बोर्डावर?"

ताटं परत ठेवली. डबा कुणाकडंच नव्हता. माझ्यामुळं. सातही जणी पाणी पिऊन कामाला लागल्या.

घरी मुलीचा शब्दकोश काढला. अर्थ वहीत उतरवले. अनौपचारिक. अधूनमधून होणारं. बेफिकीर.

अधूनमधून? अकरा वर्षं रोज पावणेसहाची बस. बेफिकीर? मी तपासलेली एकही पेटी परत आलेली नाही. आणि कॅज्युअल लीव्ह? ती फक्त पर्मनंटना. एवढे अर्थ, त्यात आमचा एकही नाही. तरी नाव आमचं.

पुढच्या सोमवारी हजेरीपटावर माझ्या नावापुढचं 'कॅज्युअल' मी खोडलं. वर लिहिलं, 'पॅकिंग चेकर'.

"ताई, उगाच वाढवू नका. होतं तसं लिहा," सुपरवायझर म्हणाला.

"लिहिणार नाही."

"उद्या गेटवर अडवतील."

पेनाला टोपण लावलं. "मग तसं लेखी द्या."

दुपारी अर्ज केला. सातही जणींना नेमणूकपत्र द्या, त्यात कामाचं नाव लिहा. सात सह्या. माझे वडील आयुष्यभर एका कंपनीत झाडू मारायचे. ते सांगायचे, अर्ज दिलास की पोच घे, तोंडी शब्दावर परत फिरू नकोस.

एचआरच्या साहेबांनी अर्ज ड्रॉवरमध्ये टाकला. "बघू."

"पोच द्या."

"शिक्का नाही आत्ता."

त्यानंतर तीनदा गेले. शिक्का सापडत नाही म्हणतात. मी उद्याही जाणार, परवाही. लाइनवर आता कुणी "ए कॅज्युअल" म्हणालं, तर आमच्यातली एकही वळत नाही.

वहीतलं राहिलेलं काम: अर्जाच्या पोचेवर शिक्का.