मावशींच्या बोटांचा व्हिडिओ
आमचे हे व्हिडिओवाले. लोकांचे समारंभ टिपायचे, जुन्या टेपा उतरवून द्यायच्या, हाच उद्योग. स्वभावाने इतके चिकट की फेकायला काढलेली वायरसुद्धा पुन्हा कपाटात जाते. असल्या माणसाच्या हातून हे व्हावं! काल मुलीचा फोन आल्यापासून यांच्या घशाखाली घास उतरलेला नाही, आणि माझाही जीव थाऱ्यावर नाही.

मुलगी म्हणजे शेजारच्या गाळ्यातल्या शिवणवाल्या मावशींची. मावशींना जन्मापासून ऐकू येत नव्हतं, बोलणं सगळं हातांनी. बोटं अशी भराभर चालायची की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. एकदा ऑपरेशनला जायच्या आधी त्या आमच्या स्टुडिओत आल्या, कॅमेऱ्यासमोर बसल्या आणि दूर नोकरीला असलेल्या मुलीसाठी बरंच काही सांगून गेल्या. मी नाही राहिले तर हे तिच्या हातात द्या, असं यांना कागदावर लिहून बजावलं. ऑपरेशन सुखरूप झालं. मावशी पुन्हा मशीनवर बसल्या, आणि व्हिडिओचा विषय मागे पडला. गेल्या महिन्यात त्या झोपेतच गेल्या.

दरम्यान यांच्या डिस्क भरल्या होत्या. हे मला समजावत होते, "कोडेक म्हणजे व्हिडिओ दाबून बसवायची पद्धत गं. नवा कोडेक तेवढंच चित्र जवळजवळ निम्म्या जागेत बसवतो." इथवर ठीक होतं. पण हाव सुटली ना! बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला चित्रासाठी जेवढा डेटा खर्चायचा तो, यांनी आणखी खाली आणला. मागची भिंत हलत नाही, तिला फारसं काही लागत नाही. जे भराभर हलतं तेच खादाड, आणि उपाशीही तेच राहतं. यांनी तपासलं कसं, तर व्हिडिओ थांबवून चेहरे पाहिले. गिऱ्हाईक चेहरेच बघतं, ही यांची जन्माची सवय. चेहरे लख्ख होते. मूळ फाइली पुसून टाकल्या.

काल मुलीने फोनवर आईचा तो व्हिडिओ मागितला. फोन ठेवला आणि यांनी मावशींची फाइल उघडली. चेहरा स्वच्छ, कपाळावरची आठीसुद्धा दिसते. हात उचलला की बोटांच्या जागी नुसते चौकोन.

"अहो, पुन्हा मोठी करा ना ती फाइल!"

"मोठी होईल गं. पण दाबताना जे टाकून दिलं ते कुठून आणू?"

"मग सांगा डिस्क बिघडली म्हणून."

"डिस्कने काही केलेलं नाही. मी केलंय," हे म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी मुलगी आली. यांनी पाणीसुद्धा विचारलं नाही, उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता ही आकाशपाताळ एक करणार. ती फक्त म्हणाली, "लावा, काका."

पडद्यावर मावशी बोलू लागल्या. मुलगी पुढे सरकली, आणखी पुढे सरकली. "हनुवटीला हात लावला, म्हणजे माझं नाव घेतलं," ती म्हणाली. पुढचं तिला काही वाचता येईना. हे कधी तिच्याकडे, कधी माझ्याकडे बघत होते. शेवटी मावशींचे हात मांडीवर स्थिरावले. भुवया वर, नजर समोर. हलत काहीच नसल्यामुळे चित्र अगदी आरशासारखं झालं होतं.

"भुवया वर म्हणजे प्रश्न असतो," मुलगी म्हणाली. "काहीतरी विचारलंय तिने. उत्तराची वाट बघतेय."

"काय विचारलंय?" यांनी भीत भीत विचारलं.

"तेच तर बोटांत होतं ना, काका."

ती पडद्याकडे बघून मान हलवू लागली. हो, हो म्हणत राहिली. डोळ्यांना धार लागली होती. मीही पदर तोंडाला लावला. बरं झालं, म्हटलं, काहीतरी उत्तर दिलं बिचारीने.

आणि एकदम तिची मान थांबली. माझा हात घट्ट धरून म्हणाली, "काकू, माझ्यावर रागावली आहेस का, असं विचारलं असेल तर?"