दुसऱ्या तोंडावर बोट

बीडकडे मूतखड्याच्या रोग्यांना तोटा नाही. बोअरचं जड पाणी, आठ महिने सरता न सरणारं ऊन, आणि रानात आडोसा नसतो म्हणून दिवसभर तहान मारून राहायची बायकांची सवय. हे भिवराबाईंना कुठल्या पुस्तकातून कळलं नव्हतं. सोळा वर्षं त्या एका खासगी दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात मावशी होत्या. फरशी पुसायची, भांडं द्यायचं, ऑपरेशन झालेल्या बाईला काखेत हात घालून संडासापर्यंत न्यायचं. डॉक्टरला न सांगितलेलं सगळं बायका त्यांना सांगायच्या. डॉक्टर पुरुषमाणूस. लघवीला आग होते हे परक्या पुरुषाला सांगण्यापेक्षा आग सोसलेली बरी, असं मानणाऱ्या बायका आपल्याकडे अजून ढिगानं आहेत, आणि त्यांना नावं ठेवणारे आपण कोण?

भिवराबाई मूळच्या गेवराईकडच्या. नवरा लवकर गेला. तेव्हा पदरात एक लेक होती, प्रियदर्शनी. घरात बाबासाहेबांचा फोटो आणि पोरगी शिकलीच पाहिजे हा हट्ट, एवढ्या भांडवलावर त्यांनी संसार रेटला. पोरीनं बी.एस्सी. केलं, वर औषधांच्या आणि ऑपरेशनांच्या अभ्यासाचा एक कोर्स केला, आणि नोकरी लागली ती आईच्याच दवाखान्यात. त्या दिवशी भिवराबाईंनी सगळ्या वॉर्डाला पेढा वाटला. साखरेच्या रोग्यांनासुद्धा दिला आणि नर्सची बोलणी खाल्ली. कामावर मात्र पोरीनं एक नियम घातला होता. तिथं तीही आईला ‘मावशी’च म्हणायची.

प्रियदर्शनीचं काम असं. आघाव डॉक्टर मूतखड्याचं ऑपरेशन दुर्बिणीनं करायचे. पाठीला बोटभर भोक पाडायचं, आत दुर्बीण घालून खडा फोडायचा आणि तुकडे काढून घ्यायचे. नंतर पुष्कळ डॉक्टर किडनीपासून लघवीच्या पिशवीपर्यंत आत एक बारीक नळी काही दिवस ठेवतात. ती ठेवली तर त्रास जास्त की न ठेवली तर, हे आघाव डॉक्टरांना नीट तपासायचं होतं. रीतसर परवानगी काढून त्यांनी अभ्यास सुरू केला. ऑपरेशनच्या वेळी बंद पाकीट फोडायचं, आतल्या चिठ्ठीत असेल तसं करायचं. पुढं रोज सकाळी दहाला प्रियदर्शनी खाटेपाशी जाऊन सहा तोंडांची चित्रं असलेली पट्टी पुढं धरायची. पहिलं तोंड हसरं, सहावं ढसाढसा रडणारं. आपल्याला जेवढं दुखतंय तेवढ्या तोंडावर रोग्यानं बोट ठेवायचं. ही पट्टी मुद्दाम आणली होती, कारण आपल्या माणसाला कसं आहे म्हणून विचारलं, तर मरायला टेकलेला माणूसही ‘बरं हाय’ म्हणतो.

आणि एक नियम होता. चौथ्या तोंडाच्या पुढं बोट गेलं, की रक्त तपासायचं आणि मुक्काम एक दिवस वाढवायचा.

सगळं बिघडलं ते या नियमापायी. मांजरसुंब्याची एक बाई होती, ढाब्यावर भाकरी थापणारी. ती रडकुंडीला आली, “मावशी, उद्या न्हाई गेले तर मालक दुसरी बाई ठिवतोय.” भिवराबाईंना दया आली. त्या तिच्या कानाशी लागल्या, “मग कशाला रडक्या तोंडावर बोट ठिवतीस? दुसऱ्यावर ठिव. पहिल्यावर नगं, पहिलं खोटं वाटतंय.”

बाई दुसऱ्या दिवशी घरी गेली. मग कुणाची म्हैस व्यायला आलेली, कुणाची सासू अंथरुणाला खिळलेली. ‘दुसऱ्यावर ठिव’ हा वॉर्डातला मंत्रच झाला. आत नळी असलेल्या बायका लघवीला उठल्या की भिंत धरून दात खायच्या, आणि दहा वाजता दुसऱ्या तोंडावर बोट ठेवायच्या. प्रियदर्शनी बिचारी मन लावून फॉर्म भरायची. आपण पुण्य करतो आहोत, अशीच भिवराबाईंची समजूत होती.

एप्रिलमध्ये बायनाबाई आली. नारायणगडाच्या पायथ्याकडची, चाळिशीची, हसतमुख बाई. तिच्या चिठ्ठीत ‘बिननळी’ निघालं. तिसऱ्या दिवशी पहाटे भिवराबाईंनी तिला उठवायला हात लावला, तर अंग कोमट. बायनाबाईनं तोच हात धरून ठेवला. “मावशी, आज मपल्या लेकीला बघायला पावणे यायलेत. आई घरात न्हाई म्हनल्यावर काय म्हनतील? कसंबी करून सोडवा मला.”

भिवराबाईंची कंबर धरायची, म्हणून पदराच्या गाठीला त्या अंगदुखीची एक गोळी ठेवायच्या. तापावरही तीच गोळी चालते, हे सोळा वर्षांत त्यांना माहीत झालं होतं. गाठ सोडून त्यांनी ती बायनाबाईला दिली. दहापर्यंत ताप उतरला. थर्मामीटर स्वच्छ, बोट दुसऱ्या तोंडावर. बारा वाजता बायनाबाई जीपमध्ये बसून गेली.

पाच दिवसांनी त्याच जीपनं तिला परत आणलं, हुडहुडी भरलेली, बेशुद्धीच्या काठावर. किडनीत पू झाला होता. संभाजीनगरला हलवलं. जीव वाचला, डावी किडनी काढावी लागली.

भिवराबाई कुणालाच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर नोकरी गेली असती, त्याची भीती होतीच. पण खरी भीती पोरीची होती. एकेक फॉर्म पोरीच्या हातचा, खाली तिची सही. तेव्हापासून बायकांच्या कानाशी लागणं त्यांनी बंद केलं, पण बंद करून काय होतं? संध्याकाळी मायलेकी फोटोपुढं पंचशील म्हणायच्या. चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, भिवराबाईंचा आवाज घशातच राहायचा. पोरगी विचारायची, “घसा बसला का गं?” त्या मान हलवायच्या. म्हणजे आणखी एक खोटं.

ऑक्टोबरमध्ये एका संध्याकाळी प्रियदर्शनी आनंदानं घरी आली. अभ्यासाचा निबंध तयार झाला होता, पुढच्या महिन्यात सर तो मोठ्या परिषदेत वाचणार होते, आणि त्यावर तिचंही नाव होतं.

“काय निघालं गं त्यातून?” भिवराबाईंनी भीत भीत विचारलं.

“नळीचा बायकांना काहीच त्रास होत नाही, असं निघालं. आणि बिननळीत धोका. बायनाबाईंचं बघ ना, काही लक्षण नसताना किडनी गेली. आता सर सगळ्यांनाच नळी ठेवणार.”

भिंत धरून उभ्या राहिलेल्या बायका भिवराबाईंच्या डोळ्यांपुढून हलेनात. आता त्यांच्यामागून येणारी प्रत्येक बाई ती भिंत धरणार होती, आणि त्रास नाही असं कागदावर सिद्ध झालेलं असणार होतं.

दुसऱ्याच दिवशी बायनाबाई सहा महिन्यांच्या तपासणीला आली. वाळली होती, पण हसू तेच. हातात कापडी पिशवी, पिशवीत सीताफळं. डॉक्टरांच्या खोलीत शिरता शिरता तिनं भिवराबाईंचा हात धरून त्यांनाही आत ओढलं.

“साहेब, ह्या मावशीमुळं मपल्या लेकीची सोयरीक जमली. त्या दिशी मी घरी नसते तर पावणे तसेच माघारी गेले असते. मे महिन्यात लगीन झालं. गडाची सीताफळं आनलीत त्यांच्यासाठी.”

डॉक्टर हसले. प्रियदर्शनीनं पट्टी पुढं धरली. “बायनाबाई, आता कितपत दुखतंय? बोट ठेवा.”

बायनाबाईनं पट्टीकडं बघितलंच नाही. तिनं भिवराबाईंकडं बघितलं. “आज कंच्यावर ठिवू, मावशी?”

“त्यांना काय विचारता?” डॉक्टर म्हणाले.

“तवाबी त्यांनीच सांगितलं व्हतं की.”

डॉक्टरांचं हसू जागीच थांबलं. प्रियदर्शनी पटकन म्हणाली, “सर, यांची काहीतरी गल्लत होतेय. मावशी असं कधीच करणार नाहीत.”

निसटायला वाट होती. पोरीनं स्वतः ती करून दिली होती. भिवराबाईंनी नुसतं ‘व्हय, गल्लत झाली’ म्हटलं असतं, तरी भागलं असतं.

“गल्लत न्हाई,” त्या म्हणाल्या. “म्याच सांगितलं. हिलाच न्हाई, लई जणींला सांगितलं. आन् हिला तर ताप व्हता साहेब. म्या गोळी दिली, म्हून तुमाला घावला न्हाई.”

मग त्या थांबल्याच नाहीत. लिहिता येत नव्हतं, पण गावं पाठ होती. मांजरसुंब्याची भाकरीवाली, पाचव्यावर ठेवणार होती, दुसऱ्यावर ठेवलं. गेवराईची नळीवाली, रात्रभर कण्हायची, दुसऱ्यावर. केजची, धारूरची, शिरूरची. प्रियदर्शनी कपाटातून एकेक फॉर्म काढून टेबलावर ठेवत गेली. एकोणतीस बायकांतले एकवीस फॉर्म निघाले. बाविसावं गाव आलं नाही, तेव्हा ती रिकाम्या हातांनी उभी राहिली.

“कावून केलंस गं आई?” ती म्हणाली. डॉक्टरांसमोर तिनं पहिल्यांदाच आई म्हटलं होतं, आणि भिवराबाईंना ते ऐकवलं नाही.

डॉक्टरांनी आपल्या हातांकडं बघितलं. “मावशी,” ते म्हणाले, “सहा महिने मला वाटतंय की माझाच हात कुठंतरी चुकला.”

भिवराबाईंना वाटलं, यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. तरी विचारायचं राहिलं होतं ते त्यांनी विचारलंच. “ऱ्हायली असती त्या दिशी, तर किडनी वाचली असती का हिची?”

“छातीठोक नाही सांगता येणार. पण रक्त तपासलं असतं. पाच दिवस आधी कळलं असतं.” मग ते म्हणाले, “हे सगळे फॉर्म बाद. निबंध मागं घेऊ आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करू. पट्टी विचारताना तुम्ही वॉर्डात थांबायचं नाही, मावशी. आत्ताही बाहेर थांबा.”

भिवराबाई बाहेर बाकावर बसल्या. आत काय चाललंय ते ऐकू येत नव्हतं. पाचेक मिनिटांनी बायनाबाई बाहेर आली आणि शेजारी टेकली. तिनं कुठल्या तोंडावर बोट ठेवलं, हे विचारायची भिवराबाईंची छाती झाली नाही. आता ही शिव्या देईल, दिल्याच पाहिजेत, म्हणून त्या मान खाली घालून वाट बघत राहिल्या.

बायनाबाईनं सीताफळं एकेक करून बाकावर काढली. पिशवीची घडी घातली. “पिशवी लागती मला,” ती म्हणाली. मग म्हणाली, “मावशी, ती गोळी तुमची सोताची व्हती ना?”

“व्हय.”

“एकच व्हती?”

“एकच.”

“मग त्या दिशी तुमची कंबर दुखायची कशानं ऱ्हायली?”

कंबर दुखायची राहिली नव्हतीच. त्या दिवशी बावीस खाटांखालची फरशी भिवराबाईंनी कण्हत कण्हत पुसली होती, आणि तरी दिवसभर मनातून खूश होत्या, की एका आईला आपण वेळेवर घरी धाडलं.